शिखंडी, खोजा, जवान

निवडणूक जवळ आली की मराठी वर्तमानपत्रांत शिखंडीची ये-जा वाढते. अमक्याने तमक्याचा शिखंडी केला, शिखंडीच्या आडून बाण मारले, हिंमत असेल तर समोर या. या वाक्यांत शिखंडी हा माणूस नसतोच, तो आडोसा असतो, भिंत किंवा झाडाचा बुंधा असावा तसा. शब्द मात्र मुळात देखणा. शिखंड म्हणजे मोराचा तुरा, डोक्यावरची शेंडी. ती ज्याला आहे तो शिखंडी. संस्कृतात मोरालाच शिखंडी म्हणतात.

महाभारतातला शिखंडी बुंध्यासारखा उभा राहणारा नव्हता. तो द्रोणाचार्यांकडे धनुर्विद्या शिकला. पांडवांनी सात अक्षौहिणींसाठी जे सेनानी निवडले त्यांत द्रुपद, विराट, भीम यांच्या बरोबरीने त्याचं नाव होतं. युद्धाआधी दोन्हीकडच्या योद्ध्यांची मोजदाद चालते तेव्हा स्वतः भीष्म त्याला मुख्य रथी म्हणतात. हे सगळं भाषेने सोडून दिलं आणि युद्धाच्या दहाव्या दिवशी भीष्मांवर बाण मारताना अर्जुनाने घेतलेला आडोसा तेवढा ठेवला.

त्याची आधीची गोष्ट उद्योगपर्वात आहे, आणि आज वाचताना ती भलतीच ओळखीची वाटते. द्रुपदाच्या घरी मुलगी जन्मली, मुलगा म्हणून वाढवली, दशार्ण देशाच्या हिरण्यवर्म्याची मुलगी सून म्हणून आणली. बिंग फुटलं, सासरा सैन्य घेऊन निघाला. शिखंडिनी जीव द्यायला जंगलात गेली. तिथे स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाने आपलं पुरुषत्व तिला दिलं, तिचं स्त्रीत्व आपल्याकडे घेतलं. ठरलं होतं उसनं, पण कुबेराच्या शापामुळे शिखंडीच्या मरणापर्यंत ते कायम झालं. आता सासऱ्याची खात्री कशी पटावी? हिरण्यवर्म्याने तपासणीसाठी स्त्रिया पाठवल्या, त्यांनी शिखंडी पुरुष असल्याचा निर्वाळा दिला, आणि लढाई टळली. भारतीय वाङ्मयातलं हे बहुधा पहिलं मेडिकल बोर्ड. सभासदांनी अहवाल वेळेत दिला, हे विशेष.

दुसरा शब्द आमच्या वाटेवरचा आहे. आमचं गडचांदूर आज चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना तालुक्यात. पण १९५९ पर्यंत हा सगळा राजुऱ्याचा पट्टा चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, नव्हता. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य, जिल्हा आदिलाबाद. त्यामुळे फारसी-उर्दू शब्द इथल्या जुन्या माणसांच्या तोंडात वऱ्हाडापेक्षा जास्त मुरलेले. त्यातला एक ख्वाजा. फारसीत ख्वाजा म्हणजे धनी, मालक, आदरणीय माणूस. दर्ग्यातले ख्वाजा ते हेच. महालाची आतली व्यवस्था ज्यांच्या हाती असे त्या खच्ची केलेल्या गुलामांनाही अदबीने ख्वाजासरा म्हणत. मराठीत येता येता त्याचा खोजा झाला, अदब वाटेत गळाली, आणि जुन्या मराठीत खोजा म्हणजे नुसता खच्ची केलेला माणूस उरला. गंमत अशी की मुंबईतल्या व्यापारी खोजा समाजाचं नावही याच ख्वाजावरून आलेलं, आणि तिथे त्याचा मान शाबूत राहिला. एकच शब्द, एक पेढीवर बसला आणि एक शिवीत.

खोज्यांतला सर्वांत मोठा सेनापती या भागातून गेला. मलिक काफूर. १२९९ च्या गुजरात स्वारीत खंबायतला पकडलेला गुलाम, हजार दिनारांना घेतला म्हणून ‘हजारदिनारी’. अल्लाउद्दीन खिलजीने त्याला देवगिरीवर पाठवलं, पुढे वरंगळवर. १३०९ च्या अखेरीस निघालेली ही फौज देवगिरीवरून पूर्वेला वळली आणि १३१० च्या सुरुवातीला तिने जो किल्ला घेतला तो सिरपूरचा, असं इतिहासकार मानतात. सिरपूर म्हणजे राजुऱ्याकडून खाली उतरलं की तेलंगणात लागतं ते. अमीर खुसरोने वाटेतल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख केला आहे. ती गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडची असावी असंही काहींचं मत आहे. काफूर हा आजच्या अर्थाने पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, नव्हे. त्याचं शरीर कुणीतरी जबरदस्तीने कापलं होतं, त्याने स्वतःबद्दल काही ठरवलेलं नव्हतं. हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. पण ‘असली माणसं फौजेत चालतील कशी’ असं पानठेल्यावर कुणी म्हणालं तर एवढं सांगता येतं की सातशे वर्षांपूर्वी एक खोजा या रस्त्याने पुढे होता आणि सगळी फौज त्याच्या मागे होती.

आता आजच्या भरतीकडे. पहाटे गडचांदूरच्या रस्त्यांवर सिमेंटचे ट्रक आणि भरतीची पोरं-पोरी एकाच वेळी धावतात. ‘तुझं सोळाशे किती निघते?’ हा त्यांच्यातला रामराम. पोलीस भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर, पाच मिनिटं दहा सेकंदांत काढलं तर पैकीच्या पैकी, मुलींना आठशे. पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटर, छाती ७९ आणि फुगवून पाच जास्त. मुलींची उंची १५५. ही सगळी मापं ज्या एका रकान्यावर टांगलेली असतात तो अर्जातला रकाना म्हणजे ‘लिंग’.

हा शब्द आपण दोनच अर्थांनी वापरतो, एक व्याकरणात आणि एक दबक्या आवाजात. मूळ अर्थ वेगळा. लिंग म्हणजे खूण. न्यायशास्त्रात ज्या दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचं अनुमान करायचं ती खूण म्हणजे लिंग. त्यांचं ठरलेलं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं: धूर हे अग्नीचं लिंग. आमच्याकडे उन्हाळ्यात माणिकगडच्या डोंगरावर धूर दिसला की वणवा लागला समजतात, बहुतेक वेळा ते खरं असतं. पण नैयायिकांनी याच उदाहरणावर पुढे शेकडो पानं खर्च केली ती अनुमान कुठे कुठे फसतं हे दाखवायला. धुकं धुरासारखं दिसतं. वाफही दिसते. जन्मल्या क्षणी सुईण जी खूण बघते ती बहुतेक वेळा बरोबर ठरते. जिथे ठरत नाही तिथे खुणेवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. नवा आहे तो ऑनलाइन अर्जाला.

अर्जातल्या रकान्याचं महाराष्ट्रात काय झालं ते नीट नोंदवण्यासारखं आहे. पोलीस भरतीच्या अर्जात पुरुष आणि महिला एवढेच पर्याय होते. दोघी अर्जदार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय द्या म्हणून सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. ९ डिसेंबर २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने पर्याय द्यायला लावला आणि शारीरिक चाचणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत करा म्हणून मुदत घातली. तिसऱ्या लिंगाला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. रकान्यात एक ओळ वाढायला साडेआठ वर्षं.

पण रकान्याची खरी परीक्षा झाली ती आधीच, बीड जिल्हा पोलीस दलात. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या, पुढे ललित साळवे या नावाने महाराष्ट्राला माहीत झालेल्या पोलिसाने २०१७ मध्ये लिंग बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. वरिष्ठ कार्यालयाची अडचण अशी की महिला म्हणून भरती झालेला माणूस पुरुष म्हणून नोकरीत कसा ठेवायचा; उंचीचे निकष वेगळे, अटी वेगळ्या. उच्च न्यायालयाने नोकरीचा मामला म्हणून न्यायाधिकरणाची वाट दाखवली. शेवटी राज्य सरकारने परवानगी दिली, आणि २५ मे २०१८ ला मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. सरकारी रुग्णालय, सरकारी नोकर, सरकारची परवानगी. साळवे त्याच खात्यात पुरुष शिपाई म्हणून पुन्हा रुजू झाले.

त्याच सुमाराला विशाखापट्टणमला याच्या अगदी उलटं घडत होतं. नौदलातल्या साबी गिरी यांनी २०१६ मध्ये रजेवर असताना दिल्लीत शस्त्रक्रिया करून घेतली. परत आल्यावर आपल्याला कित्येक महिने मानसोपचार कक्षात ठेवलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलाने त्यांना सेवेतून कमी केलं. कारण म्हणून सांगितलं ते असं की भरतीच्या वेळी जे लिंग नोंदवलं होतं ते त्यांनी बदललं. सात वर्षांची नोकरी, आणि कारण एका रकान्याचं. दोन प्रकरणांतला फरक कायद्यापेक्षा मनात जास्त होता असं मला वाटतं. पोलिसांनी रकाना बदलला, नौदलाने माणूस.

या सगळ्या बातम्यांत एक शब्द मराठीने तसाच उचलला: जेंडर डिस्फोरिया, म्हणजे नोंदलेलं लिंग आणि मनातली ओळख जुळत नसल्याची तगमग. त्याला पर्याय शोधायच्या आधी त्याच्या पोटात बघावं. ग्रीकमध्ये ‘दुस्’ म्हणजे कठीण आणि ‘फेरेइन’ म्हणजे वाहणं, सोसणं. दुस् म्हणजे आपला दुस्, दुर्. फेरेइन म्हणजे आपला भृ धातू. दोन्ही एकाच जुन्या घरातले. म्हणजे डिस्फोरियाचा सख्खा संस्कृत भाऊ ‘दुर्भर’, वाहायला जड. याच भृ-पासून भार, याच्यापासूनच भरणे, आणि भरणेपासून भरती. भरती आणि डिस्फोरिया एकाच धातूची लेकरं निघाली. व्युत्पत्तीला अर्थ असतोच असं नाही, असल्या योगायोगांवर तत्त्वज्ञान उभारणाऱ्यांपासून चार हात दूर राहावं. पण हा मात्र सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

शस्त्रक्रियेचंही तसंच. शस्त्र सैनिकाचं आणि शस्त्र वैद्याचं. सुश्रुत शस्त्रकर्म म्हणतो. त्याच्या संहितेत ‘युक्तसेनीय’ नावाचा एक अख्खा अध्याय सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याविषयी आहे. छावणीत राजाच्या निवासाशेजारी वैद्य असावा, ध्वजासारखा सर्वांना ठाऊक, म्हणजे जखमींना तो न चुकता सापडेल, असं त्यात सांगितलं आहे. सैन्य आणि औषध ही आपल्याकडे जुनी शेजारी. सैनिकाची शस्त्रक्रिया म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. ती कशाची आहे यावर आपण दचकतो.

मग इलाज म्हणजे प्रत्यक्षात काय? वर्तमानपत्री मराठीत ‘लिंगबदल’, जणू खोली बदलावी तसं एका दिवशी होऊन जाणारं काम. शस्त्रक्रिया प्रत्येक जण करून घेतच नाही. जो करून घेतो त्याला ती टप्प्याटप्प्याने करावी लागते, मध्ये आठवडे, कधी महिने विश्रांती. रोजचं, न दिसणारं काम हार्मोनचं. पाठ्यपुस्तकातला ‘संप्रेरक’ दवाखान्यात कुणी उच्चारत नाही. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी, लांब पल्ल्याचं असेल तर साधारण तीन महिन्यांनी. इस्ट्रोजेनच्या गोळ्या रोजच्या. पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. आता हे गडचिरोलीच्या एखाद्या पोलीस मदत केंद्रात ठेवून बघा. तिथल्या जवानाला मलेरिया होतो, पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटतो, जखमीला हेलिकॉप्टरने नागपूरला न्यावं लागतं. अशा ठिकाणी तीन महिन्यांनी एक इंजेक्शन ही अडचण आहे का? आहे, थायरॉइडच्या रोजच्या गोळीएवढी. थायरॉइडवाला जवान आहेच की तिथे. गुडघ्याचं लिगामेंट शिवून सहा-आठ महिने बसलेला जवानही असतो, आणि त्याच्या पगाराचा हिशेब कुणी काढत नाही.

लष्करात याला मोजायची पट्टी तयार आहे. तिचं नाव शेप. इंग्रजी पाच अक्षरं: मन, कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे. सगळं ठणठणीत तो ‘शेप वन’. काही बिघडलं की ‘कॅटेगरीत गेला’, फारच बिघडलं की ‘बोर्ड औट’. सुट्टीवर आलेला फौजी घरात बोलतो ते हेच शब्द, त्यांना मराठी प्रतिशब्द करून देणारा भेटला तर तो नमस्कार करून उठून जाईल. या पट्टीत लिंगाचं अक्षर नाही. पारलिंगी माणसाला अडवायचं तर पहिल्या अक्षराचा आधार घ्यावा लागतो, मनाचा. साबींच्या बाबतीत मानसोपचार कक्ष आला तो असा. आणि नेमका तिथला आधार आता जगाने काढून घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत, जी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली, ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे.

बाहेरच्या जगाचं थोडक्यात. नेदरलँड्सने १९७४ मध्येच पारलिंगींसाठी सैन्याचं दार उघडलं. अमेरिकेने २०१६ ला उघडलं, २०१९ ला बहुतांशी लोटलं, २०२१ ला उघडलं, २०२५ ला पुन्हा लावलं. या वादात उपचारांच्या खर्चाचाही मुद्दा निघाला. २०१६ मध्ये रँड या संस्थेने केलेला अंदाज वर्षाला २४ ते ८४ लाख डॉलर असा होता, आणि अमेरिकन सैन्याच्या आरोग्यखर्चात तो शोधायला भिंग लागेल.

पुन्हा शब्दांकडे, कारण या माणसांना काय म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही. २०१९ चा केंद्राचा कायदा हिंदीत ‘उभयलिंगी व्यक्ति’ असं नाव घेऊन आला. मराठी शाळेत शिकलेल्याला उभयलिंगी म्हटलं की गांडूळ आठवतं, जीवशास्त्राच्या धड्यातलं. किन्नर पुराणातले गंधर्वांचे शेजारी. फोड करायची तर ‘किम् नर’, हा कसला नर, म्हणजे प्रश्नचिन्ह नावातच. हिजडा शब्द कुणी हिजरतशी जोडतात, घर सोडून जाणं म्हणून. कोशकार फारसी ‘हीज’ पुढे करतात. मुंबईच्या बोलीतलं ‘पावलीकम’ तर सरळ हिशेबाचं: रुपयाला चार आणे कमी. मराठी सरकारी कागदांत चालतो तो शब्द ‘तृतीयपंथी’. कानाला सभ्य आहे. पण पंथ म्हणजे वाट, आणि मराठीत पंथ म्हटलं की नाथपंथ, महानुभाव पंथ, गुरू, दीक्षा, अनुयायी. गुरू-चेल्याच्या घराण्यात राहणाऱ्यांना तो शोभतो. ठाण्यात रोजनामचा लिहिणाऱ्या साळव्यांनी कोणत्या पंथाची दीक्षा घेतली? कार्यकर्त्यांनी रुळवलेला ‘पारलिंगी’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. खुणेच्या पलीकडचा, एवढंच तो म्हणतो.

एका गोष्टीचं मला कायम आश्चर्य वाटतं. गडचांदूरच्या बाजारात उभं राहिलं की जगाची वाटणी चार प्रकारांनी ऐकू येते. हिंदीवाला सगळं दोनात बसवतो, स्त्री आणि पुरुष. गोंडी, कोलामी आणि तेलुगू बोलणारे एकवचनात पुरुष एका बाजूला ठेवतात. बाई, बैल, बंदूक दुसऱ्या बाजूला. गडचिरोलीकडून आलेल्या बंगाल्याच्या व्याकरणात ही भानगडच नाही. आणि मराठीला तीन लिंगं. संस्कृतातलं नपुंसकलिंग हिंदीने टाकलं, आपण, कोकणीने आणि गुजरातीने जपलं. शब्द ‘नपुंसक’ आपल्याकडे शिवी, पण त्या लिंगात आपण लेकरू ठेवतो, वासरू ठेवतो, आणि लष्कर. तो तोफखाना, ती पलटण, ते लष्कर, ते सैन्य, ते दल. मर्दपणाचा एवढा डंका वाजवणारी संस्था व्याकरणात तिसऱ्या घरात नांदते आणि कुणाला खटकत नाही.

लष्कर, शिपाई, जवान हे शब्द फारसीतून आले, आणि फारसीत लिंगभेदच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ला एकच सर्वनाम. जवान म्हणजे तरुण, आपल्या युवन्‌चा चुलतभाऊ. बाई फौजेत आली तेव्हा मराठीने शिपाईण, हवालदारीण केलं नाही. करता येईना, कारण हवालदारीण म्हणजे हवालदाराची बायको, पाटलीण म्हणजे पाटलाची. म्हणून ‘महिला’ पुढे लावून ‘जवान’ तसाच ठेवला.

गडचिरोलीची पूर्वेची हद्द ओलांडली की छत्तीसगड. तिथल्या पोलिसांत २०२१ मध्ये १३ पारलिंगी शिपाई भरती झाले. पुढच्या वर्षी नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी उभारलेल्या बस्तर फायटर्समध्ये ९ जण निवडले गेले, आणि ते बस्तर भागातलेच. म्हणजे १९९० पासून आमच्या गडचिरोली पोलिसांच्या सी-सिक्स्टीचे कमांडो ज्या जंगलात गस्त घालत आले, त्याच जंगलाच्या पलीकडच्या अंगाला. तिथल्या हिंदी बातमीदाराची मोठी पंचाईत होत असणार. हिंदीत ‘जवान गया’ की ‘जवान गई’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मराठी मुलखात असं कुणी रुजू झालं तर ठाणे अंमलदाराला तेवढा त्रास नाही. साहेब आले, मॅडम आल्या, इथे अडेल खरं. पण नाव घ्यायचं, आदराचं अनेकवचन वापरायचं, आणि ‘ड्यूटीवर आहेत’, ‘गस्तीला जातात’, ‘पहाऱ्यावर असतात’ म्हणायचं. गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, बंदूक जमा केली, यांतही क्रियापद गुन्ह्याकडे, पंचनाम्याकडे, बंदुकीकडे बघतं. करणाऱ्याकडे बघतच नाही. रोजनामच्याची निम्मी पानं अशाच वाक्यांची असतात.